गोणपाटाच्या पलीकडून

विहिरीवरच्या विजेच्या मोटारींच्या शास्त्रात मी पारंगत आहे. हे मी स्वतः म्हणत नाही. तसं छापील प्रमाणपत्र आहे, त्यावर दोन सह्या आणि एक उठावाचा शिक्का आहे, आणि बरीच वर्षं ते हिंगोलीतल्या एका दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत, हार घातलेल्या अवस्थेत लटकत होतं. जिवंत माणसाच्या नावाला असा हार घालू नये, असं मी मालकांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, "हार तुमाला न्हाई, विद्येला हाय."

ती विद्या त्या वेळी चौकटीपासून सहा हातांवर, गोणपाटाच्या पडद्यामागे, भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तांब्याच्या तारेचे वेढे मोजत होती. तिला कुणी हार घातलेला माझ्या पाहण्यात नाही.

सगळे त्यांना अक्का म्हणत. मालकांच्या त्या थोरल्या बहीण. मी दुकानात लागलो तेव्हा त्या चौतिशीच्या असतील, पण बोलायच्या साठीच्या माणसासारख्या, म्हणजे कमी आणि कंटाळून. हातावर वॉर्निशचे डाग, कपाळावर चष्मा. तो चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतलेला मी क्वचितच पाहिला. "डोळ्याला दिसतंय. कपाळाला दिसत न्हाई म्हणून तिथं लावला," असं त्या एकदा एका आगाऊ माणसाला म्हणाल्या होत्या.

बहात्तरचा दुष्काळ सरून गेला होता. ज्याला त्याला विहीर खोल करायची आणि तिच्यावर मोटार बसवायची घाई झाली होती. मोटारी आल्या, मागोमाग तारा आल्या, आणि तारांमधून यायला हवी त्याच्या निम्मीशिम्मी वीज आली. मोटारी जळू लागल्या. जळालेली मोटार नव्या तारेने भरून द्यायची, हा मालकांचा धंदा. बैलगाडीतून, एस.टी.च्या टपावरून, एकदा तर नवरदेवाच्या जीपमधून रुखवताशेजारी बसून मोटार दुकानात आली होती. मोटारीच्या पोटात गोलाकार खाचा असतात. त्यांतली जळकी तार कापून काढायची, वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तारेचे घालायचे, दोरीने आवळून बांधायचे आणि वर वॉर्निश पाजायचं. ऐकायला सोपं वाटतं. मलाही ऐकायलाच सोपं वाटलं.

अक्कांचे वडील निजामाच्या अमदानीपासून बिजलीघरात फिटर होते. त्यांना हाताशी कुणीतरी हवं होतं. मालक तेव्हा जन्मले होते, पण उपयोगाचे नव्हते. अक्कांच्या मते पुढेही त्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा पोरगी वडिलांशेजारी बसली आणि शिकली. सोळाव्या वर्षी लग्न झालं, बाविसाव्या वर्षी ट्रंक घेऊन परत आल्या. का, हे विचारायची हिंमत मी वर्षभराने केली.

"उलटी फिरत होती," अक्का म्हणाल्या.

"कोण?"

"मोटार, बीए. दोन तारा अदलाबदल झाल्या का मोटार उलटी फिरती. आवाज बराबर येतो, गरगर फिरती, लोकांना वाटतं चालू हाय. पाणी काही येत न्हाई. तसं होतं ते."

"मग उपाय?"

"मोटारीला हाय. दोन तारा बदलायच्या."

मराठी घेऊन बी.ए. झालो होतो, म्हणून मी 'बीए'. मास्तरकी मिळेपर्यंत कुठेतरी टेकायचं म्हणून मी दुकानात लागलो. काम काय, असं विचारलं तेव्हा मालक म्हणाले, "उभं राहायचं. तुमी उंच हायेत, चष्मा हाय, शुद्ध बोलता. गिऱ्हाइकाला मिस्त्री दिसला पाहिजे."

व्यवस्था अशी होती. गिऱ्हाईक काउंटरशी यायचं आणि मला मोटारीचं दुखणं सांगायचं. माझ्या पाठीशी गोणपाटाचा पडदा. पडद्यामागून अक्का प्रश्न विचारायच्या. मी तो प्रश्न गिऱ्हाइकाला विचारायचा. गोणपाटातून आवाज जातो, हे हिंगोलीत सगळ्यांना माहीत होतं. अक्कांचा शब्द न् शब्द गिऱ्हाइकाला ऐकू यायचा. तरी तो माझ्या तोंडून येईपर्यंत थांबायचं, मग उत्तर द्यायचं, अशी रीत पडून गेली होती. ती कुणी ठरवली होती हे कुणाला माहीत नव्हतं, पण पाळत सगळे होते.

पुसेगावचा एक शेतकरी आला होता, तो प्रसंग मला अजून आठवतो.

"मोटार लई गरम होऊन राहिली, साहेब. धूर निघाला."

पडद्यामागून: "इचारा, फ्यूज कशाचा टाकला व्हता?"

शेतकरी माझ्याकडे बघत उभा.

मी: "फ्यूज कशाचा टाकला होता?"

"खिळा टाकला जी."

पडद्यामागून: "त्याला म्हणा, मोटार जळली न्हाई. तुमी जाळली. तकलीफ मोटारीला न्हाई, तुमच्या डोक्याला हाय."

शेतकऱ्याने मान खाली घातली. मी म्हणालो, "थोडी तांत्रिक अडचण आहे."

"व्हय जी," तो म्हणाला. "आयकलं."

मी एकदा मालकांना विचारलं, अक्कांनीच पुढे बसलं तर काय बिघडेल? मालक माणूस वाईट नव्हते. बहिणीवर त्यांची माया होती, तिच्या जेवणाखाण्याची काळजी होती, आणि दुकान तिच्या हातावर चाललंय हे ते खाजगीत कबूल करायचे. "पण गिऱ्हाईक बिचकतं ना," ते म्हणाले. "बाईच्या हातात मोटार दिली म्हणून गावात हसतील त्याला. आणि आपल्या अक्काची बोटं किती नाजूक! बायकांच्या बोटांतच कला असते. बारीक काम त्यांनीच करावं."

अक्का बाहेर आल्या. खाली तीन हॉर्सपॉवरची मोटार पडली होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, काउंटरवर ठेवली, आणि भावाला म्हणाल्या, "आता तू उचल. नाजूक नको उचलू, कशीबी उचल."

मालकांना तेवढ्यात बाहेर कुणीतरी बोलावल्याचं ऐकू आलं.

अक्का मोटारीचा वास घ्यायच्या. गोडसर जळका वास आला की म्हणायच्या, "ओल गेली." तिखट आला की, "दोन तारांवर चालवली, तिसरी तुटलेली." मग उघडून पाहिल्यावर तसंच निघायचं. मोजताना त्या कुणाशी बोलत नसत. एका खाचेत साठ-सत्तर वेढे, अशा अनेक खाचा. मध्ये कुणी हाक मारली तर रागवायच्या नाहीत, ओरडायच्या नाहीत. शांतपणे गुंडाळलेली सगळी तार सोडवायच्या आणि पहिल्यापासून सुरू करायच्या. हे रागवण्यापेक्षा फार वाईट होतं. हाक मारणारा समोर उभा राहून आपलं पाप उलगडताना बघायचा.

शेवटी वेढ्यांची टोकं दोरीने आवळायची, तिथे त्यांची एक ठरलेली गाठ होती. ओढाल तशी घट्ट होणारी आणि एका झटक्यात सुटणारी. ती गाठ बघून लोक ओळखायचे की मोटार कुठे भरली. मी विचारलं, ही कुठे शिकलात?

"म्हशीच्या दाव्याची हाय," त्या म्हणाल्या. "म्हैस ओढती, मोटारबी ओढती."

मालकांना समारंभांची आवड होती. तार गुंडाळायचं हातयंत्र आणलं तर त्याचं उद्घाटन ठेवलं. मांडव, लाऊडस्पीकर, एक पुढारी. पुढाऱ्यांनी यंत्रयुगावर पाऊण तास भाषण केलं. त्यात यंत्र सोडून सगळ्या युगांचा उल्लेख होता. अक्का आत चाळीस कप चहा करत होत्या, कारण चहा करायला बाईच लागते यावर तिथे कुणाचं दुमत नव्हतं. मग पुढाऱ्यांनी हार घातलेल्या यंत्राचा दांडा फिरवला. टाळ्या पडल्या. पडद्यामागून थकलेला आवाज आला, "उलटं फिरवून राहिले."

मांडवातल्या दोनशे माणसांनी ते ऐकलं. पुढारी थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. रीत त्यांनाही माहीत होती.

"साहेब, उलटं," मी म्हणालो.

"वा, जाणकार आहात," ते म्हणाले, आणि सुलटं फिरवलं.

या सगळ्याची मला गंमत वाटायची. अक्कांना वाटत नव्हती, हे मला कळलं ते त्या पत्राच्या वेळी.

मोटारी बनवणारा एक मोठा कारखाना होता. शहराचं आणि कारखान्याचं नाव सांगत नाही. त्यांचं पत्र आलं की निवडक दुकानांना अधिकृत दुरुस्ती केंद्र करायचं आहे, प्रत्येक दुकानाने एक कारागीर पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवावा. त्याला प्रमाणपत्र मिळेल आणि त्याचं नाव केंद्राच्या पाटीवर येईल.

अक्कांनी पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाल्या, "बीए, अक्षर चांगलं हाय तुमचं. अर्ज भरा. माझ्या नावानं."

अर्जात एक रकाना होता: प्रशिक्षण घेण्याचा उद्देश. मी लेखणी सरसावून 'तांत्रिक ज्ञानाची क्षितिजे' असं काहीतरी लिहायच्या बेतात होतो.

"तसलं नको," अक्का म्हणाल्या. "लिहा, रस्त्याकडं तोंड करून बसायचंय."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. "बारा वर्षं भिंत बघून राहिले मी. त्या भिंतीत किती भेगा हायेत, सांगू? पाटीवर माझं नाव आलं तर भाऊला पडदा काढावा लागंल. कागदाला तो भितो. मला भीत न्हाई."

मालकांनी अर्जावर सही केली. नकार कारखान्याकडूनच येईल, याची त्यांना खात्री असावी.

तो महिन्याने आला. अर्जाबद्दल आभार, तांत्रिक क्षेत्रात महिलांचं स्वागतच आहे, तथापि कारखान्याच्या वसतिगृहात महिला उमेदवारांच्या निवासाची सोय नाही.

अक्का कागद हातात घेऊन बसल्या. "सोय न्हाई म्हणजे काय न्हाई?" त्या म्हणाल्या. "पलंग न्हाई, का भिंत न्हाई, का दाराला कडी न्हाई? एक काहीतरी कमी असंल ना. ते लिहा म्हणावं, मी घेऊन येते."

आम्ही उत्तर पाठवलं: शहरात मावसबहीण आहे, तिच्याकडे राहीन, निवास नको. उलट टपाली उत्तर आलं की प्रशिक्षण निवासी आहे. त्यावर अक्कांनी स्वतःच्या हाताने पोस्टकार्ड लिहिलं, त्यात एकच ओळ होती: मी झोपायला येत नाही, शिकायला येतेय. त्या पत्राची नोंद घेण्यात आल्याचं कळवण्यात आलं.

मुदत संपत आली. मालक माझ्याकडे वळले. "तुमी जा. उंच हायेत."

जाण्याआधी आठ दिवस अक्कांनी मला शिकवलं. मी गुंडाळलेली पहिली कॉइल त्यांनी हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "घरटं चांगलं झालंय." मी जावं की नाही, असं मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना जा म्हणावं लागलं असतं, असं मी स्वतःला समजावलं होतं. निघताना त्यांनी एक कागद दिला. अकरा प्रश्न होते. "हे इचारून या. सगळ्यात वरचा इसरू नका."

पंधरा दिवस मी त्या वसतिगृहात राहिलो. माझ्या खोलीत तीन पलंग होते, दोन रिकामे. भिंती चार होत्या. दाराला कडी होती.

वर्गात आम्ही वीसेक जण होतो आणि दुपारच्या व्याख्यानाला सगळे सारखेच झोपायचो. मी अक्कांचा पहिला प्रश्न विचारला: या मोटारी किती दाबाच्या विजेवर चालवून पाहिल्या आहेत? मुख्य प्रशिक्षक म्हणाले, चारशे व्होल्ट. मी म्हणालो, आमच्याकडे लाइनीच्या शेवटच्या गावाला तीनशेच येते. ते म्हणाले, तो वीज देणाऱ्यांचा प्रश्न आहे. मग माझ्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "प्रश्न मात्र फार चांगला आहे. तुम्हाला विषयाची जाण आहे." उरलेले दहा प्रश्न मी विचारले नाहीत. आणखी कौतुक झालं असतं. आणि त्यातले सात मला कळले नव्हते.

प्रात्यक्षिकात माझी मोटार फिरली नाही. प्रमाणपत्र मात्र जे हजर होते त्या सगळ्यांना मिळालं.

अक्कांनी ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. "मागं कोरं हाय," म्हणाल्या. मग: "उत्तरं आणली?"

"एक आणलंय. प्रश्न चांगला आहे, असं ते म्हणाले."

"ते मला माहीत व्हतं," अक्का म्हणाल्या आणि मोजायला बसल्या. त्या दिवसापासून लाइनीच्या शेवटच्या गावांच्या मोटारींना त्या वेढे थोडे कमी आणि तार थोडी जाड घालू लागल्या. कारखान्याच्या नियमाला ते धरून नव्हतं. त्या मोटारी कमी विजेवर चालायच्या आणि परत यायच्या नाहीत.

मग कारखान्याचे तपासनीस आले. अधिकृत केंद्राची शेवटची परीक्षा. मालकांनी अक्कांना त्या दिवशी घरीच थांबायला सांगितलं. अक्का म्हणाल्या, हातातली मोटार अर्धी हाय. तेव्हा पडदा दोन पदरी करण्यात आला.

तपासनिसांनी भरलेल्या मोटारींतली एक उघडायला लावली. नेमकी कमी वेढ्यांची निघाली. तपासनीस वाकले, बॅटरीचा उजेड आत टाकला, आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही गाठ," ते म्हणाले. "ही पद्धत कुठली? जपानी?"

"व्हय साहेब," मालक म्हणाले. "जपानीच."

"इतकं स्वच्छ बांधकाम आमच्याकडंही होत नाही. कुणी केलंय?"

वेढे त्यांनी मोजले नाहीत. गाठ पाहिली.

मालकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "आमचे बीए. तुमच्याकडंच शिकले."

पडद्यामागे तार गुंडाळण्याचा आवाज येत होता तो थांबला. मला तोंड उघडायला अर्धं मिनिट तरी मिळालं असेल. इतर वेळी पलीकडून आलेलं प्रत्येक वाक्य मी बिनचूक पुढे दिलं होतं. त्या दिवशी पलीकडून काही आलं नाही, आणि स्वतःचं म्हणून एक वाक्य बोलायचं होतं ते मला जमलं नाही. तपासनिसांनी माझा हात हातात घेऊन दाबला. माझा हात मऊ होता. तेवढ्यावरूनही त्यांना कळायला हरकत नव्हती.

ते गेल्यावर मी पडद्याआड गेलो. अक्का हातातली सगळी तार सोडवत होत्या. पहिल्यापासून सुरू करणार होत्या.

"अक्का, मी बोलायला हवं होतं."

"न्हाई बोलला ते बरं केलं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं वाटलं असतं. "तुमी काहीतरी सुंदर बोलला असता, बीए. आणि ते लोक मग मला बघायला आत आले असते. चहा मागितला असता."

थोड्या वेळाने म्हणाल्या, "जपान्यांकडं म्हशी असतील का हो?"

मान्यता मिळाली. पाटी लागली, प्रमाणपत्र चौकटीत गेलं, हार चढला. पडद्याचं काय, असं अक्कांनी भावाला एकदाच विचारलं. "पुढल्या वर्षी बघू," मालक म्हणाले. पुढल्या वर्षी मला कुरुंद्याच्या शाळेत नोकरी लागली आणि मी गेलो. काउंटरवर दुसरा एक उंच माणूस आला.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी एस.टी.ने हिंगोलीला यायचो आणि दुकानात चहा प्यायचो. असाच एका वैशाखात गेलो. हळदीची लागण चालू होती, रस्त्यावर फुफाटा. दुसरा उंच माणूस जेवायला गेला होता. अक्कांनी आतून एक पाकीट पुढे केलं.

"मोठ्यानं वाचा. तुमचंच काम व्हतं ते."

कारखान्याचं पत्र होतं. त्यांनी अक्कांचा अर्ज चार वर्षं फायलीत जपून ठेवला होता. कळवण्यास आनंद होत होता की महिला उमेदवारांसाठी स्वतंत्र निवासाची इमारत बांधून झाली आहे, पलंग, कडीकोयंडा वगैरे सर्व सोयींसह. इच्छुक महिलांनी त्वरित यावं. खाली बारीक अक्षरात: वयोमर्यादा पस्तीस.

अक्का अडतीस वर्षांच्या झाल्या होत्या. अर्ज फायलीत थांबला होता, त्या थांबल्या नव्हत्या.

मी वाचायचा थांबलो. मालक खुर्चीत अवघडून बसले.

"आधी पलंग न्हवता," अक्का म्हणाल्या. "आता पलंग हाय, तर मी जुनी झाले. बराबर हाय."

त्या उठल्या. स्टुलावर चढल्या, पडद्याची दोरी सोडली. दाव्याची गाठ होती, एका झटक्यात सुटली. गोणपाट खाली पडलं, धुरळा उडाला. मग त्यांनी स्टूल, तारेचं रीळ आणि अर्धी भरलेली मोटार एकेक करून पुढे आणली, रस्त्याकडे तोंड केलं आणि बसल्या.

"अक्का," मालक म्हणाले, "गिऱ्हाईक काय म्हणंल?"

"इचारून बघ. मी हितंच हाय."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलंच. आमच्या कुरुंद्याचाच एक हळदीचा शेतकरी, गाडीत मोटार घेऊन. काउंटरशी अक्कांना बघून थबकला. "मिस्त्री कुठं हायेत?"

अक्कांनी तारेवरचा हात न उचलता मानेने वर खूण केली. "ते तिथं टांगलेत. काम काय हाय ते बोला."

त्याने चौकटीकडे पाहिलं, चौकटीखाली उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. मालक कपाळाला हात लावून बसले होते. चार वर्षं राहून गेलेलं वाक्य बोलायची हीच वेळ, असं मला वाटलं. मी घसा साफ केला.

"मोटारी त्याच भरतात," मी म्हणालो. "मी कधीच भरली नाही. पहिल्यापासून सगळ्या यांनीच भरल्यात."

शेतकरी माझ्याकडे जरा काळजीने बघत राहिला.

"ते माहीतच हाय की, गुरुजी," तो म्हणाला. "सगळ्या गावाला माहीत हाय. पडदा काहून काढला, येवढंच इचारून राहिलो. धूळ जाईल ना मोटारीत."

अक्का हसल्या. मी त्यांना मोठ्याने हसताना पाहिलं ते तेवढंच. मग त्यांनी मोटारीचा वास घेतला आणि त्याला विचारलं, फ्यूज कशाचा टाकला होता.

फार काही बदललं नाही. काही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात गेली आणि मोटार पुन्हा जळाल्यावर परत आली. नवे लोक मिस्त्री कुठे म्हणून विचारत राहिले, आणि अक्का वर मान करून चौकट दाखवत राहिल्या. एकाने चौकटीला नमस्कार केला, असं मालक सांगत. पाटीवर नाव माझंच होतं. ती बदलायला कारखान्याची परवानगी लागते, आणि ती मिळायला प्रशिक्षण लागतं.

दोनेक वर्षांनी परीक्षेचे पेपर तपासायला मला त्याच शहरात जावं लागलं. एका संध्याकाळी सहज कारखान्याकडे गेलो. महिला निवासाची इमारत खरोखर होती. पिवळा रंग, ठळक पाटी, दाराला कुलूप. चौकीदाराला विचारलं, आत किती जणी असतात?

"कुणी आलंच नाही अजून," तो म्हणाला. "जागा रिकामी कशाला ठेवायची? म्हणून सामान ठेवलंय."

खिडकीतून पाहिलं. पलंग होते, दोन्ही भिंतींना रांगेने मांडलेले. प्रत्येक पलंगावर एकेक जळकी मोटार ठेवलेली होती.

पुढच्या शनिवारी हिंगोलीला गेलो. अक्का मोजत होत्या, म्हणून खाचा संपेपर्यंत थांबलो. मग सांगितलं. वाटलं, काहीतरी बोलतील. त्यांनी दोरी आवळली, गाठ मारली.

"केवढ्या व्हत्या?"

"मोठ्या होत्या."

"मोठ्या म्हणजे किती हॉर्सपॉवरच्या?"

"ते नुसतं बघून मला कसं कळणार, अक्का?"

अक्कांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वर चौकटीकडे पाहिलं. "तुमाला कळतं, असं लिहून दिलंय की त्यांनी."

मी उठलो, हार बाजूला सारला, काच पुसली आणि पहिल्यांदाच ते प्रमाणपत्र नीट वाचलं. लिहिलं होतं खरं, पारंगत म्हणून. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंत.